संस्थांच्या साहाय्यार्थ मैफली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातील आमच्या हौशी गायक-वादकांच्या गटाच्या मैफली शहरातील आणि जिल्ह्यातील सेवाभावी संस्थांच्या साहाय्यार्थ होत असतात. श्रोते, संस्थांचे विश्वस्त, देणगीदार आणि गटात येऊ इच्छिणारे कलाकार जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. पैशाविषयीचे प्रश्न मुद्दाम आधी घेतले आहेत, कारण लोक दुसऱ्याच्या विश्वासावर खिशात हात घालतात आणि त्या विश्वासाचे उत्तर सर्वांत आधी दिले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

या गटात कोण आहेत? कलाकारांना मानधन मिळते का?

गटात शिक्षक आहेत, बँकेत आणि महापालिकेत नोकरी करणारे आहेत, परिचारिका, गृहिणी, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि यंत्रमाग कारखान्यात आयुष्य घालवून आता निवृत्त झालेले कामगारही आहेत. यांपैकी कोणीही मैफलीसाठी मानधन घेत नाही. मात्र ज्यांचे पोट संगीतावर चालते अशा व्यावसायिक वादकाला साथीला बोलावले, तर त्याला ठरलेले मानधन पूर्ण दिले जाते. ‘चांगल्या कामासाठी आहे, मग फुकट वाजवा’ असे त्याला सांगणे म्हणजे दानधर्माचा खर्च एका कष्टकऱ्याच्या माथी मारणे होय, आणि ते आम्हाला मान्य नाही. त्याने स्वतःहून मानधन परत केले तर ती त्याची देणगी म्हणून त्याच्या नावावर संस्थेकडे जमा होते.

तिकिटाच्या पैशांतील किती रक्कम प्रत्यक्ष संस्थेला मिळते?

ही रक्कम तिकिटावरच छापलेली असते. उदाहरणार्थ, तिकीट ३०० रुपयांचे असेल, तर ‘यांतील २०० रुपये संस्थेला’ असे त्यावर स्पष्ट लिहिलेले असते. सभागृह भरो वा अर्धे रिकामे राहो, विकल्या गेलेल्या प्रत्येक तिकिटामागे तेवढी रक्कम संस्थेला दिली जाते. खर्चाचे गणित चुकले तर ती तूट गट सोसतो, संस्थेला ती सोसावी लागत नाही.

हा नियम आम्हाला पहिल्याच कार्यक्रमाने शिकवला. त्या वेळी ‘खर्च वजा जाता उरलेली सर्व रक्कम’ देण्याचे आम्ही जाहीर केले होते. सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, प्रकाशयोजना, रंगमंचाची सजावट, छपाई, चहापाणी आणि ऐनवेळी आणलेला जनरेटर यांची बिले एकामागून एक येत गेली. खोटे एकही बिल नव्हते, उधळपट्टी म्हणावी असेही फारसे काही नव्हते, तरीही शेवटी उरलेली रक्कम इतकी थोडी होती की धनादेश देताना आमच्या अध्यक्षांना मान वर करवेना. संस्थेच्या ताईंनी तो हसतमुखाने घेतला आणि आभारही मानले. त्या आभारांनी आम्हाला जितके खजील केले तितके रागावण्याने केले नसते. पाचशे माणसांनी मदतीसाठी म्हणून तिकिटे घेतली होती आणि त्यांचे पैसे मुख्यतः झालरींवर व दिव्यांवर गेले होते. त्या रात्रीपासून कार्यक्रमाचा खर्च आधी प्रायोजकांकडून आणि सभासदांच्या वर्गणीतून उभा करायचा, तो उभा राहिला तरच तारीख जाहीर करायची आणि संस्थेचा वाटा तिकिटावर छापायचा, असे ठरले. ‘साहाय्यार्थ’ हा शब्द छापला की तो पाळण्याची जबाबदारी आपली असते.

सभागृहातील देणगीपेटी कोण उघडते आणि पैसे कोण मोजते?

पेटीला दोन कुलुपे असतात. एका कुलपाची किल्ली गटाच्या खजिनदाराकडे आणि दुसऱ्याची संस्थेच्या प्रतिनिधीकडे असते, त्यामुळे दोघे समोर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. मैफल संपल्यावर, श्रोते बाहेर पडत असतानाच, रंगमंचाच्या बाजूच्या खोलीत टेबलावर चादर अंथरून मोजणी होते. श्रोत्यांमधील एकाला साक्षीदार म्हणून त्याच वेळी विनंती केली जाते. दहा-दहाच्या नोटांच्या गड्ड्या, दोन आणि पाच रुपयांच्या नाण्यांचे ढीग, कधी हळदीकुंकवाचा डाग पडलेली शंभराची नोट असे सगळे वेगवेगळे लावून वहीत आकडा लिहिला जातो आणि त्याखाली तिघांच्या सह्या होतात. रोख रक्कम त्याच रात्री संस्थेच्या ताब्यात जाते आणि तिची पावती आम्ही घेतो.

मोबाइलवरून देणगी देणाऱ्यांसाठी दारात जो क्यूआर कोड लावलेला असतो, तो थेट संस्थेच्या बँक खात्याचा असतो. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर संस्थेचेच नाव दिसते आहे ना, हे आपण अवश्य पाहावे. आमच्या कोणत्याही सभासदाच्या वैयक्तिक खात्यात देणगी घेतली जात नाही.

आमचा गट स्वतः सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला नाही. गणेशोत्सव मंडळांना वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय कार्यालयाची जशी परवानगी घ्यावी लागते, तशीच ती प्रत्येक साहाय्यार्थ कार्यक्रमापूर्वी आम्ही घेतो आणि कार्यक्रमानंतर हिशेब सादर करतो.

तिकिटाच्या रकमेवर आयकरात सवलत मिळते का?

मिळत नाही. तिकीट घेताना आपण मैफल ऐकण्याचा मोबदला देत असता, त्यामुळे ती रक्कम कायद्याच्या दृष्टीने देणगी ठरत नाही. सवलत हवी असेल तर संस्थेला वेगळी देणगी द्यावी आणि तिचीच पावती घ्यावी. ‘८०-जी’ या नावाने सर्वांना माहीत असलेली ही सवलत संस्थेकडे तशी मान्यता असेल तरच मिळते. २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीने दिल्यास तिच्यावर सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी आणि पावतीसाठी पॅन क्रमांक अचूक लिहावा. नव्या करप्रणालीनुसार कर भरणाऱ्यांना मात्र ही वजावट घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

माझा मुलगा परदेशात असतो. त्याला देणगी पाठवता येईल का?

तो आजही भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून, नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवत असेल, तर ती देणगी परकीय योगदान मानली जात नाही. त्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल तर, परदेशस्थ भारतीय नागरिक (ओसीआय) कार्ड जवळ असले तरी, कायद्याच्या दृष्टीने तो परकीय स्रोत ठरतो. अशा वेळी परकीय योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच त्याची रक्कम घेता येते आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील त्यासाठीच्या खात्यातच घ्यावी लागते. आम्ही ज्या छोट्या संस्थांबरोबर काम करतो त्यांपैकी बहुतेकांकडे अशी नोंदणी नसते. प्रेमापोटी पाठवलेले पैसे संस्थेलाच अडचणीत आणू शकतात, म्हणून आधी विचारून घ्यावे, ही विनंती.

संस्थांची निवड कशी होते?

संस्थेची नोंदणी, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि संस्थेच्याच नावाचे बँक खाते या तीन गोष्टी आम्ही प्रथम पाहतो. संस्थेचे काम सोलापूर शहरात किंवा जिल्ह्यात चालू असले पाहिजे. एखाद्या सभासदाच्या परिचयाचे लोक विश्वस्त मंडळावर असतील, तर त्या सभासदाने निवडीच्या बैठकीत बसू नये, असा संकेत आहे.

कागदपत्रे पुरी झाली तरी तेवढ्यावर निर्णय होत नाही. गटातील दोघे-तिघे संस्थेत जाऊन येतात आणि शक्यतो कामाच्या वेळी जातात, कारण पाहुण्यांसाठी आवरून ठेवलेले सभागृह पाहून काही कळत नाही. जेवणाच्या वेळी ताटात काय वाढले जाते, शौचालयात पाणी आहे का, तेथील माणसे व्यवस्थापकांशी मोकळेपणाने बोलतात की खाली मान घालून उत्तरे देतात, यावरून जे समजते ते अहवालात सापडत नाही. एका भेटीत विडी वळणाऱ्या आयांच्या मुलांसाठी चालणारी अभ्यासिका आम्ही पाहिली. एकाच ट्यूबलाइटखाली मुले इतकी दाटीने बसली होती की एकाची वही दुसऱ्याच्या गुडघ्यावर होती, आणि तरीही कोणाचा आवाज चढत नव्हता. घरी गेल्यावर आई सूपात तंबाखू आणि पाने घेऊन विड्या वळत बसलेली असते, घराची एकुलती खोली तिच्या कामाने भरलेली असते, म्हणून आम्ही येथे येतो, असे एका मुलाने सांगितले. त्या अभ्यासिकेची मागणी पंखे, दिवे आणि आणखी एका खोलीचे भाडे एवढीच होती. अशी नेमकी, मोजता येणारी गरज सांगणाऱ्या संस्थेला आम्ही प्राधान्य देतो. ‘जे जमेल ते द्या’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही आदराने विनंती करतो की पुढच्या वर्षभरात नेमके काय हवे आहे ते लिहून द्यावे.

मोठ्या, नावाजलेल्या आणि देणगीदारांची रीघ असलेल्या संस्थांऐवजी लहान संस्थांकडे आमचा कल असतो, हे आम्ही उघडपणे सांगतो. धर्म, जात किंवा भाषा पाहून मदत करणाऱ्या संस्थांबरोबर आम्ही काम करत नाही.

संस्थेने कार्यक्रमासाठी काय करायचे असते?

तिकिटे विकण्याचे उद्दिष्ट आम्ही संस्थेला देत नाही. दहा माणसांच्या बळावर पन्नास वृद्धांची सेवा करणाऱ्यांना दारोदार तिकिटे घेऊन फिरायला लावणे म्हणजे त्यांच्या मूळ कामातून माणसे काढून घेणे आहे. संस्थेने आपली गरज लिहून द्यावी, मोजणीच्या वेळी प्रतिनिधी पाठवावा, पाच मिनिटांत आपले काम सांगणारी एक व्यक्ती द्यावी आणि सहा महिन्यांनी पैशाचे काय झाले ते कळवावे, एवढेच पुरेसे आहे.

संस्थेतील मुलांना व्यासपीठावर बोलावून वस्तूंचे वाटप का केले जात नाही?

पूर्वी आम्ही ते केले आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

सुरुवातीच्या एका मैफलीत मध्यंतरानंतर एका बालगृहातील मुलांना रांगेत उभे करून दप्तरे दिली होती. निवेदकांनी मुलांच्या परिस्थितीचे वर्णन केले, सभागृह हळहळले, कॅमेऱ्यांचा लखलखाट झाला. रांगेतील चौथ्या की पाचव्या मुलीने दप्तर हातात पडताच ते चेहऱ्यासमोर धरले आणि व्यासपीठावरून उतरेपर्यंत खाली घेतले नाही. ती लाजते आहे असे समजून पुढच्या रांगेतील काही लोक कौतुकाने हसले. आमच्यातील एक बाई शिक्षिका आहेत, त्यांनी नंतर सांगितले की तिच्या वर्गातील मुली आपापल्या आईवडिलांबरोबर त्याच सभागृहात बसल्या होत्या. आम्हाला दुसरे काही सांगण्याची गरज उरली नाही.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असे नाव, छायाचित्र, पत्ता किंवा शाळेचा तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. त्यामुळे आमच्या जाहिरातीत, पडद्यावर किंवा समाजमाध्यमांवर अशा मुलांची छायाचित्रे आपल्याला दिसणार नाहीत. श्रोत्यांनीही ती काढू नयेत.

मुलांना गाण्याची आवड असेल, तर ती तालमीला येतात, समूहगायनात आमच्याबरोबर उभी राहतात आणि त्यांची ओळख ‘गटातील गायक’ अशीच करून दिली जाते. दया येऊन दिलेल्या टाळ्या आणि गाणे आवडून दिलेल्या टाळ्या यांतील फरक मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतो.

पैशाखेरीज दुसरी मदत केली जाते का?

होय, आणि काही वेळा तीच अधिक मोलाची ठरते.

उन्हाळी मैफलीला जोडून आम्ही एका रक्तपेढीच्या सहकार्याने रक्तदान शिबिर घेतो. एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालयांना सुट्ट्या असतात, सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, शिबिरे कमी होतात आणि रक्ताचा तुटवडा जाणवतो. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांना मात्र ऋतू कोणताही असो, साधारणपणे दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावेच लागते. साठवलेले रक्त सुमारे ३५ दिवस आणि प्लेटलेट अवघे पाच दिवस टिकतात, त्यामुळे हिवाळ्यात घेतलेले महाशिबिर मे महिन्यात उपयोगी पडत नाही. आमच्या मैफलीची तारीख म्हणूनच रक्तपेढीला विचारून ठरते. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असलेली निरोगी व्यक्ती रक्तदान करू शकते. पुरुषांनी तीन महिन्यांचे आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे. उपाशीपोटी येऊ नये आणि भरपूर पाणी पिऊन यावे. गटातील गायकांनी आणि बासरीवादकांनी मैफलीच्या दिवशीच रक्तदान न करता पुढच्या आठवड्यात करावे, असे आम्ही सुचवतो.

वृद्धाश्रमांत आम्ही तिकीट नसलेल्या, छोट्या मैफली करतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा भावगीतांची यादी पक्की करून, क्रम लावून गेलो होतो. तिसऱ्या गाण्यानंतर मागे खुर्चीत बसलेल्या एका आजींनी विचारले, “जात्यावरची ओवी येती का रे कुणाला?” आमच्यापैकी कोणालाही येत नव्हती. मग त्यांनी स्वतःच सुरू केली. तबल्यावर बसलेल्या आमच्या मित्राने हात मांडीवर ठेवले, कारण त्या लयीला ठेक्याची गरज नव्हती, ती जात्याच्या फेऱ्याची लय होती. हार्मोनियम वाजवणाऱ्याने त्यांचा सूर चाचपडत काळी चार धरली आणि भाता इतका हळू ठेवला की आवाज जेमतेम ऐकू यावा. दुसऱ्या ओवीला आणखी दोघींनी सूर मिळवला, आणि आम्ही नेलेली यादी खिशातच राहिली. आता वृद्धाश्रमात जाण्यापूर्वी आम्ही आधी एक दिवस जाऊन कोणाला काय गायचे आहे ते विचारून येतो आणि साथीला बसतो.

कार्यक्रमात कोणत्या भाषांतील रचना असतात?

सोलापूरच्या बाजारात एका वाक्यात तीन भाषा ऐकू येतात, मग व्यासपीठावर एकच का असावी? मराठी अभंग, भावगीते आणि नाट्यगीते हा आमच्या कार्यक्रमाचा कणा आहे. पेशवाईतील शाहीर राम जोशी याच गावचे असल्याने लावणीलाही येथे घरचे स्थान आहे. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील शिवयोगी, आणि त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत, म्हणून वचनगायन प्रत्येक मैफलीत असते. विणकरीच्या व्यवसायाबरोबर येथे रुजलेल्या पद्मशाली समाजाची मातृभाषा तेलुगू आहे. त्यांच्यातील आमचे सभासद तेलुगू संतकवी भद्राचल रामदासांची कीर्तने गातात. उर्दू गझल आणि नात (पैगंबरांची स्तुतिगीते) यांनाही मागणी असते.

यामागे आवडीइतकेच कामाचे कारणही आहे. ज्या वस्तीतील संस्थेसाठी कार्यक्रम आहे, त्या वस्तीची भाषा व्यासपीठावरून ऐकू आली की तेथील माणसे श्रोते म्हणून येतात, आणि मदत बाहेरून आली असे त्यांना वाटत नाही. निवेदन मराठीत होते, पण प्रत्येक रचनेचा अर्थ दोन वाक्यांत सांगितला जातो.

मैफली वर्षातून केव्हा होतात?

साधारणपणे तीन मोठ्या मैफली होतात. आषाढी वारीच्या आधीची अभंगांची मैफल वारकऱ्यांना आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थेसाठी असते. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी सोलापूर शहरातून पंढरपूरकडे जाते, आणि शेकडो किलोमीटर चालून आलेल्या पायांना मलम, पट्ट्या आणि तेल लागते. उन्हाळी मैफल रक्तदानासाठी आणि दिवाळीनंतरची मैफल त्या वर्षी निवडलेल्या संस्थेसाठी असते.

मकर संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या, दिवसांत, आम्ही कार्यक्रम ठेवत नाही. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आणि अक्षता सोहळ्यात सारे शहर गुंतलेले असते, आमचे निम्मे वादकही तेथेच असतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तो दिवसही सोडला जातो. १२ जानेवारीला मात्र, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांना १९३१ साली याच दिवशी फाशी झाली म्हणून, गटातील मंडळी सकाळी एकत्र जमून समूहगीते गातात. त्याला तिकीट नसते आणि देणगीपेटीही नसते.

कार्यक्रम मदतीसाठी असताना गाण्यांचा परवाना कशाला हवा?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळांसाठी एक सूट आहे, पण ती दोनच परिस्थितींत लागू होते: श्रोत्यांकडून पैसे घेतलेले नसावेत, किंवा कार्यक्रम धार्मिक संस्थेच्या लाभासाठी असावा. तिकीट लावून अनाथाश्रमासाठी किंवा रक्तपेढीसाठी केलेला कार्यक्रम या सुटीत बसत नाही, हेतू कितीही चांगला असला तरी. म्हणून तिकीट असलेल्या मैफलीसाठी आम्ही गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाना देणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडून आधी परवाना घेतो आणि त्याचे शुल्क खर्चाच्या अंदाजपत्रकात धरतो. त्या गीतांवर कोणा कवीच्या आणि संगीतकाराच्या कुटुंबाचा हक्क आहे. एकाचा हक्क डावलून दुसऱ्याला दान करण्यात आम्हाला समाधान वाटणार नाही.

कवी किंवा संगीतकार यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या शब्दांवर अर्थातच कोणाचा हक्क नाही. परंतु त्याच अभंगाला विसाव्या शतकातील एखाद्या संगीतकाराने दिलेली लोकप्रिय चाल स्वतंत्र निर्मिती असते आणि तिच्यावर हक्क असू शकतो. वारकरी परंपरेतील चालीत किंवा गटाने स्वतः बांधलेल्या चालीत गायल्यास तो प्रश्न येत नाही. तयार ट्रॅकवर गायचे झाल्यास ध्वनिमुद्रणाचा परवाना वेगळा लागतो. आम्ही ट्रॅक वापरत नाही, त्याचे हेही एक कारण आहे, परंतु मुख्य कारण असे की गाणाऱ्याकडे पाहून लय सांभाळणारी तबल्याची साथ ट्रॅक देऊ शकत नाही.

चित्रफिती सर्वत्र टाकण्याविषयी आम्हाला नेहमी विचारले जाते. सभागृहातील गायनाचा परवाना त्यासाठी चालत नाही, म्हणून पूर्ण मैफल आम्ही प्रसारित करत नाही.

आमच्या चौकात, उघड्यावर मैफल कराल का?

करू, पण वेळ आणि जागा पाहून. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० सालापासून लागू आहेत. पोलीस ठाण्याची परवानगी आयोजकांनी लेखी घ्यावी, आम्ही पावणेदहाला भैरवी संपवतो. रुग्णालयाच्या मदतीसाठीची मैफल त्याच रुग्णालयाच्या आवारात, मोठ्या कर्ण्यांवर करण्याची सूचना आम्हाला एकदा आली होती. ती आम्ही स्वीकारली नाही.

व्यासपीठावर मान्यवरांचे सत्कार होतात का?

होत नाहीत. लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि प्रायोजक यांचे श्रोते म्हणून मनापासून स्वागत आहे. प्रायोजकांची नावे पत्रिकेवर छापली जातात.

तिकीट परवडत नसेल तर मैफल ऐकता येणार नाही का?

जरूर येईल. प्रत्येक मैफलीत काही रांगा विनामूल्य असतात आणि त्या मागच्या नसून मधल्या असतात. त्यांचे प्रवेशपत्र इतर तिकिटांसारखेच दिसते, त्यामुळे कोण विनामूल्य आले आहे हे शेजाऱ्यालाही कळत नाही. चाकांच्या खुर्चीवरील श्रोत्यांनी आधी कळवल्यास उताराच्या दाराजवळची जागा राखून ठेवली जाते.

गटात सामील होण्यासाठी काय यावे लागते?

सुरात गाता यावे किंवा एखादे वाद्य लयीत वाजवता यावे, आणि आठवड्यातील दोन तालमींना नियमित येता यावे. रंगीत तालीम चुकवणाऱ्यास त्या मैफलीत बसता येत नाही, कारण दानासाठीची मैफल आहे म्हणून श्रोत्यांनी कच्चे गाणे गोड मानून घ्यावे, अशी अपेक्षा धरणे योग्य नाही. ज्यांना गाता येत नाही त्यांच्यासाठी तिकिटे, मोजणी, संस्थाभेटी आणि हिशेब यांचे भरपूर काम आहे. आमचे खजिनदार स्वतः एक ओळही गात नाहीत, आणि त्यांच्याशिवाय एकही मैफल होऊ शकत नाही.

मैफल रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात का?

पूर्ण रक्कम परत मिळते. ती परत न घेता संस्थेला द्यायची असल्यास तसे लेखी कळवावे. मौनाला आम्ही संमती समजत नाही.

आमच्या पैशांचे पुढे काय झाले, हे कळते का?

पुढील मैफलीच्या सुरुवातीला, पहिल्या गाण्याच्या आधी, मागील संस्थेची व्यक्ती पाच मिनिटांत हिशेब वाचून दाखवते. किती रक्कम मिळाली, कशावर खर्च झाली आणि किती शिल्लक आहे, एवढेच त्यात असते. वर सांगितलेल्या अभ्यासिकेच्या वतीने तेथे शिकून आता स्वतः शिकवणारी एक तरुणी आली होती. तिने वहीच्या पानावर लिहून आणलेली यादी वाचली: पंखे, ट्यूबलाइट, वायरिंग, दुसऱ्या खोलीचे वर्षाचे भाडे, एक पाण्याचा पिंप. शिल्लक रकमेचा आकडा सांगून ती थांबली, मग पुन्हा माइकजवळ आली आणि म्हणाली, “पिंपाला तोटी बसवायची राहिली आहे, ती याच आठवड्यात बसवतो.” तोटी बसवल्याचे बिल पुढच्या सोमवारी आमच्या खजिनदारांकडे पोहोचले, ते हिशेबाच्या फाइलमध्ये लावलेले आहे. ही फाइल कोणत्याही श्रोत्याला तालमीच्या जागी येऊन पाहता येते.